व्हायलिनबाईंचा वीरगळ

बाईंच्या तोंडात एकच शब्द असायचा, "परत." रागावून नाही, ओरडून नाही. घोटभर पाणी मागावं तसा. आपण ढोलावर हात टाकावा, जरा रंग चढावा, मान डोलायला लागावी, की बाईंचा उजवा हात वर. व्हायलिनचा गज हवेत. "परत." मी विचारायचो, "बाई, चुकलं काय?" तर म्हणायच्या, "चुकलं काही नाही, आबा. तुम्ही खूश झालात. ह्या जागेला खूश व्हायचं नाही." आता ज्या माणसाचा ढोल ऐकून पार निरा-नरसिंगपुराकडची माणसं जत्रेला यायची, ज्याच्या ढोलावर भल्याभल्यांच्या अंगात यायचं, त्याला कोणी म्हणावं की वाजवा, पण खूश होऊ नका! सत्तरी ओलांडलेल्या माणसाला हे ऐकून घ्यावं लागलं. आणि मी ऐकून घेतलं, हे माझ्या घरच्यांना अजून खरं वाटत नाही.

आमची वस्ती अंथुर्ण्याच्या पुढं, मोठा रस्ता सोडून आत. आम्ही मूळचे मेंढरंवाले. आता मेंढरं दोन घरांत उरलीत, बाकीच्यांचा ऊस, डाळिंब, आणि तरणी माणसं लोणी देवकरच्या कारखान्यांत. वस्तीच्या तोंडाशी एक उभा दगड आहे, माझ्या छातीला लागेल एवढा. शिकलेले त्याला वीरगळ म्हणतात. आम्ही बाबा म्हणतो, वीरबाबा. माझा आजा त्याला तेल घालायचा, बाप घालायचा, आता मी घालतो. तो आमच्या भावकीचा मूळपुरुष. चोरांनी गुरं वळवून नेली तेव्हा एकट्यानं पाठलाग करून, त्यांची खांडोळी करून त्यानं गुरं माघारी आणली, ही गोष्ट आम्हाला दुधाबरोबर पाजलेली.

बाई बारामतीला पाटबंधारे खात्याच्या ऑफिसात होत्या. मूळच्या इंदापूर तालुक्यातल्याच, बौद्ध घरच्या. आजोबा लोकांच्या रानात राबले, वडील प्राथमिक शाळेत मास्तर झाले, आणि त्या मास्तरांनी पोरीच्या हातात व्हायलिन दिलं. का दिलं ते मी कधी विचारलं नाही. पुण्याला जाऊन शिकल्या, रागदारी शिकल्या, आणि वर ते गोऱ्या लोकांचं कागदावर रेघा मारून ठिपके काढायचं, तेही शिकल्या. लग्न केलं नाही. दिवसभर कालव्याच्या फायली आणि संध्याकाळी व्हायलिन. नाव होतं त्यांना चांगलं, पण आमच्या वस्तीवर त्या व्हायलिनबाईच झाल्या.

पहिल्यांदा आल्या तेव्हा सकाळची वेळ होती. सूनबाई पळत आली. "आबा, कालव्याची मोजणी आलीया जणू. एक बाई बाबाच्या पायाशी उकिडवी बसलीया." आमच्याकडं मोजणी म्हणजे भांडणाला आमंत्रण. मी काठी घेऊन गेलो.

"कशाची मोजणी?"

"मोजणी नाही आबा. बघतेय."

"देव बघत न्हायत. पाया पडत्यात."

"पडले. आता बघतेय."

मी म्हणालो, बघा आणि निघा. तर म्हणाल्या, "इकडं या जरा, माझ्या बाजूला. ऊन तिरपं आहे तोवरच दिसतं." मी गेलो, आपला एवढ्यासाठी की दगडाला हात लावतात की काय. आणि बाजूनं बघितलं तर तेलानं काळ्या पडलेल्या दगडातून माणसं वर आली. अगदी खाली गुरांची तोंडं, शिंगं. त्यांच्यासमोर एकजण तलवार उचलून उभा, आणि त्याच्या पायाशी एकजण आडवा. त्याच्या वरच्या थरात दोन बायका एका माणसाला दोन्हीकडनं धरून वर नेतायत. सगळ्यात वर पिंड, आणि तिच्यापुढं तोच माणूस हात जोडून बसलेला. जन्मभर तेल घातलं त्या दगडाला, आणि तो आडवा माणूस मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितला. पहिल्यांदा बघतोय असं बाईंना मात्र सांगितलं नाही.

"त्यो पडलाय त्यो चोर," मी म्हणालो.

"बरं. आणि वर हात जोडून बसलाय तो?"

"त्यो बाबा."

"मग ह्या दोन बायका बाबाला कुठून उचलतायत? उभ्या माणसाला कोण उचलतं?" आणि मी काही बोलायच्या आत म्हणाल्या, "आबा, वीरगळ पडलेल्याचा असतो. जिंकून घरी आलेल्या माणसाचा दगड कशाला उभा करतील? तो जेवून झोपतो."

मला असा संताप आला! आमच्या दारात येऊन, आमच्या बाबाला, आमच्यासमोर, मेला म्हणते. मी म्हणालो, "आमचा बाबा मेला न्हाय. निघा." बाई उठल्या, साडीची माती झटकली, स्कूटीला किल्ली लावली आणि म्हणाल्या, "रविवारी येते."

आणि आल्या. त्या रविवारी आल्या, पुढच्या रविवारी आल्या. बाईंची ही दुसरी सवय. त्यांना नाही म्हटलेलं ऐकू यायचं, पण त्या ते मनावर घ्यायच्या नाहीत. सूनबाईनं त्यांना भाकरी वाढायला सुरुवात केली तेव्हाच मी समजलो, घरातली बाजू फुटली. तिथं चुलीपुढं बसून त्यांनी सांगितलं की ह्या दगडावरून त्यांना संगीत बांधायचंय. गाणं नाही, शब्द नाहीत. नुसती वाद्यं. जुन्या काळी गुरांसाठी लढाया व्हायच्या, माणसं मरायची, त्या सगळ्याचं. दगड जसा खालून वर वाचतात तसं ते खालून वर जाणार. व्हायलिन, बासरी, पखवाज, एक मोठं उभं व्हायलिन, आणि ढोल.

मी म्हणालो, "पुण्यात वाजवा की. तितं चालतं असलं."

तेव्हा एकदाच बाई चिडलेल्या मी बघितल्या. "पुण्यात वाजवायचं असतं तर कधीच वाजवलं असतं. मला ते ह्या दगडासमोर वाजवायचंय. तुमच्या वस्तीला ऐकवायचंय. एका माणसाला जरी वाटलं ना, की हा कोणीतरी मेलाय, खरंच मेलाय, तरी माझं काम झालं. एक माणूस पुरे मला."

एक माणूस. मला वाटलं, काय अवघड आहे? वस्तीत एवढी माणसं आहेत.

ढोल वाजवायला मी कबूल झालो ते एवढ्याच अटीवर, की शेवटी बाबा जिंकला पाहिजे. बाई हो म्हणाल्या नाहीत, नाही म्हणाल्या नाहीत. "तुम्ही या तर," म्हणाल्या. शिकलेल्या माणसाचं हे असंच. सहीला कागद पुढं करतात आणि मजकूर नंतर सांगतात.

सराव बारामतीला, बाईंच्या घरी, वरच्या मजल्यावर. एस.टी.नं जायचो, ढोल मांडीवर घेऊन. बाईंची आई चहा द्यायची, बिनसाखरेचा, कारण घरात बाईंना साखर वर्ज्य होती, म्हणजे साऱ्या जगाला वर्ज्य. त्या मोठ्या व्हायलिनवाल्याला मी चष्मेवाला म्हणायचो. पुण्याचा होता. ते केवढं धूड गुडघ्यांत धरून बसायचा आणि एकच सूर ओढत राहायचा. एकच! मी चहा पिऊन यावं, तरी तोच सूर. शेवटी मी विचारलं, "बाबा रं, तुला दुसरा शिकिवला न्हाय का?" तो हसला, म्हणाला, "आबा, मला पण तोच प्रश्न पडलाय." बासरीवाला त्याच्यापुढचा. तो बाईंना रोज विचारायचा, सा कधी येणार? गाण्याचा सा म्हणजे घर, एवढं मलाही कळतं. सगळे सूर हिंडून तिथं येतात. बाई म्हणायच्या, "येणार नाही." मी म्हणालो, "म्हंजी ह्यो गडी निस्ता उंबऱ्यावर हुबा? आत कधी जायाचाच न्हाय?" तर बाई टाळी वाजवून म्हणाल्या, "बरोबर! तेच!" मी टोमणा मारला होता, त्यांनी तो घालून घेतला त्यांच्या संगीतात.

माझ्यावर तर त्यांचा डोळाच होता. आमचा ढोल म्हणजे एका तोंडावर काठी आणि दुसऱ्यावर हात. त्यांनी पहिल्यांदा काठी काढून घेतली. मग म्हणाल्या, पंजा नको, बोटं. मग म्हणाल्या, बोटं पण कडेला. खिडकीत कबुतरं बसायची. "आबा, कबुतर उडायला नको एवढंच वाजवा." मी घरी येऊन भावकीत बसलो की पुतण्या विचारायचा, "काय आबा, आज किती वाजिवला?" मी म्हणायचो, "आज कबुतर उडालं न्हाय." दत्ता हा माझा पुतण्या, आमच्या मंडळाचा पुढारी. त्याला ह्या सगळ्यात पहिल्यापासून खोट दिसत होती. एकदा म्हणालाच, "आबा, आपला बाबा आता त्यांच्याकडनं समजून घ्यायचा का आपण?" त्यांच्याकडनं म्हणजे कोणाकडनं ते त्यानं तोंडानं म्हटलं नाही, पण मला कळलं. मी ते बाईंना सांगितलं, कारण माझ्या पोटात काही राहत नाही. बाई गजाला राळ घासत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "दगडात गुरं कोरलीत, तलवार कोरलीय. जात कुठं कोरलेली दिसली तर मलाही दाखवा म्हणावं." त्या दिवशी मी दत्ताला चहा विचारला नाही.

शेवटाचं भांडण मात्र आमचं आमच्यातच होतं. मी अट विसरलो नव्हतो. संगीत वरच्या थराला पोचलं, सगळे सूर बारीक होत होत संपले, आणि बाई गज खाली ठेवून गप्प. चष्मेवाला गप्प. सगळेच गप्प. मी वाट बघतोय, आता मला खूण होईल, आता काठी हातात येईल. काही नाही. भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज ऐकू यायला लागला. मग बाईंनी माझ्याकडं बघून मान हलवली आणि बोटांनी हवेतच दाखवलं. हळू. अगदी हळू. ठक, ठक-ठक, ठक.

"ह्ये काय?"

"गुरं. घरी येतायत."

"आणि बाबा?"

बाईंनी गज उचलून पुसायला घेतला.

"दगडात ह्ये कुठं हाय?" मी आवाज चढवला. "गुरं आली का न्हाय, त्ये तरी कुठं कोरलंय?"

"नाही कोरलेलं," बाई म्हणाल्या. "एवढं मी माझ्या पदरचं घातलंय. त्याच्यासाठी. एवढं तरी व्हावं म्हणून."

मी ढोल उचलला आणि एस.टी. स्टँडला आलो. पुढं बरेच आठवडे गेलो नाही. फोन आला तर सूनबाईला सांगायचो, रानात गेलेत म्हणावं. पण खरं सांगायचं तर रानात जाऊन करायचो काय? बांधावर बसून गुडघ्यावर बोटं मारायचो. ते गुरांचं माघारी येणं एकदा बोटांत शिरलं ते निघेना. जनावरं काय एका चालीनं येत नाहीत. एक पुढं येतं, एक थांबतं, एखादं मागं वळून बघतं. ते मागं वळून बघणं ढोलावर कसं वाजवायचं, हे डोक्यात बसलं. ते बाईंनी सांगितलेलंच होतं, पण जमत नव्हतं. एका सकाळी ढोल उचलला आणि गेलो. बाईंनी दार उघडलं, कुठं होतात म्हणून विचारलं नाही. वाजवून झाल्यावर म्हणाल्या, "परत." अशा बाईचं करायचं काय?

कार्यक्रम हिवाळ्यातल्या एका रविवारी ठरला. बाईंचं म्हणणं एकच होतं. सूर्य उगवल्या उगवल्या सुरू करायचं. ऊन तिरपं पडलं की खालच्या थरातली माणसं दिसतात, आणि वाजवणं जसं वर जाईल तशी लोकांची नजर दगडावर वर जाईल. पाटी नको, भाषण नको. ऊन दाखवेल आणि वाद्यं सांगतील. मंडळानं मांडव घालायचं कबूल केलं, खुर्च्या, पोहे, सगळं. दत्तानं एवढं मनावर घेतलेलं बघून मलाच बरं वाटलं. आदल्या आठवड्यात मी बहिणीच्या घरच्या लग्नाला करमाळ्याकडं गेलो होतो. शनिवारी दिवेलागणीला आलो, दगडावर ताडपत्री होती. दत्ता म्हणाला, "सकाळी बघा. बाईंना पण खूश करून टाकतो."

सकाळी बाई आल्या, मागं गाडीतनं वाजवणारे आले. दत्तानं ताडपत्री ओढली.

बाबाला रंगवला होता. ऑइलपेंट. उभ्या माणसाला पिवळा फेटा, लाल धोतर, आणि दगडात तोंड झिजून गेलं होतं तिथं काळ्या रंगानं मिशा, डोळे, कपाळाला गंध. गुरं पांढरीशुभ्र. वरच्या दोघी बायकांना निळी लुगडी, त्यांना जरीचे काठ. पिंडीला चांदीचा रंग. आणि खाली जो आडवा होता, त्याला काळाकुट्ट करून लाल डोळे आणि सुळे काढले होते. राक्षस. मिटलं. आमचा बाबा कोण आणि चोर कोण, ह्या प्रश्नाला चार डबे रंगात उत्तर दिलं होतं.

"काय बाई," दत्ता म्हणाला, "बाबा कसा उठून दिसतोय!" आणि हे तो खोचून म्हणत नव्हता, हेच तर दुःख. पोरांनी दोन दिवस राबून, पदरचे पैसे घालून, बाईंच्या कार्यक्रमासाठी म्हणून ते केलं होतं. आमच्याकडं देवाचा मान करायचा तर रंग देतात. देऊळ रंगवतात, तुळस रंगवतात, बैलाची शिंगं रंगवतात. त्यात वाईट काय, असं कोणी मला आजही विचारलं तर मी त्याला शिव्या घालीन, पण उत्तर देता येणार नाही.

बाई वाकल्या आणि आडव्या माणसाचे ते सुळे जवळनं बघितले. मग म्हणाल्या, "मेहनत घेतलीत."

त्यात मंडळानं हार घालायला बोलावलेल्या पाहुण्यांचा फोन आला, निघतोय, थांबा. मंडळ म्हणालं, थांबावं लागेल. मी म्हणालो, "बाई, ऊन वर चाललंय." बाई म्हणाल्या, "राहू द्या. थांबलं काय आणि नाही काय. आता ऊन काही दाखवणार नाही." पाहुणे आले तोवर सावल्या पायात आल्या होत्या. हार झाले, नारळ झाला, दोन भाषणं झाली. मग बाईंनी गज उचलला.

वाजवलं मात्र त्या दिवशी त्यांनी, वा! रंगवलेल्या दगडाकडं पाठ करून नाही, तोंड करून वाजवलं. लढाईचा भाग होता तोवर लोक बरे होते. पखवाज दणकला तेव्हा शिट्टी पण पडली. पुढं ते वर जायला लागलं तशी चुळबूळ. कोणी फोन काढला, कोणी पोर उठवून नेलं. चष्मेवाल्याचा तो एक सूर सुरू झाला तेव्हा मागनं आवाज आला, "गाडी सुरू व्हईना जणू!" सगळे हसले. बाईंचा हात हलला नाही. सूर बारीक झाले, संपले. आणि ती गप्प बसायची जागा आली. माझी बोटं ढोलावर. मी मनात म्हणतोय, गप ऱ्हावा रं, एवढंच गप ऱ्हावा.

दत्ताला वाटलं, संपलं, आणि पाहुण्यांपुढं शेवट पडला. त्यानं हात केला. मांडवाच्या मागं तुतारीवाले आणून ठेवले होते, ते मला पण माहीत नव्हतं. तुतारी झाली, हलगी झाली, "वीरबाबा की जय" झालं. लोकांच्या अंगात आता कुठं जीव आला. बाईंनी माझ्याकडं बघितलं आणि मान हलवली, सरावात हलवायच्या तशीच. मी वाजवलं. सगळं वाजवलं, त्या मागं वळून बघणाऱ्या जनावरासकट. ते मला स्वतःला ऐकू आलं नाही.

नंतर बाई सगळ्यांच्या पंगतीत बसून पोहे खात होत्या आणि तुतारीवाल्याला विचारत होत्या, गाव कुठलं तुमचं. मला ते बघवेना. गाडीत बसताना त्यांना गाठलं. "बाई, तुमी एक शबूद का बोलला न्हाय? एवढं रगत आटिवलं आमी!"

"ओरडून कळणारं असतं आबा, तर एवढे दिवस वाजवत कशाला बसलो असतो? सरळ ओरडलेच असते ना पहिल्या दिवशी."

"मग आता?"

"आता परत."

मी त्याच दिवशी थिनरचा डबा आणि फडकी घेऊन दगडाकडं निघालो होतो. सूनबाईनं बाईंना कळवलं, आणि फोनवर बाईंनी अडवलं. म्हणाल्या, थिनर दगडात मुरेल, आहे तेवढं कोरीव पण जाईल. कोणा जाणकाराला आणते, पण तोवर हात लावू नका. मी म्हणालो, "म्हंजी आता बाबा मिशा लावूनच ऱ्हानार?" तर हसायला लागल्या. हसताना त्यांना खोकला आला, तो थांबेना. मी आपला उन्हाचा समजलो.

तो खोकला नव्हता, पुढचं दुखणं होतं. पुण्याला हॉस्पिटलात बघायला गेलो. हात एवढासा झाला होता, त्या हातानं गज कसा पेलला असेल असं वाटावं. मला बघून म्हणाल्या, "आबा, शेवट विसरला नाहीत ना? वाजवा बघू." तिथं औषधं ठेवायचं पत्र्याचं टेबल होतं, त्याच्यावर बोटांनी सुरू केलं. गुरं निम्म्या वाटेवर आली असतील, नर्स आत आली. "बाबा, इथं आवाज करायचा नाही." मी तिला सांगायला लागलो की ही बाई कोण आहे, तर बाईंनीच गप केलं मला. म्हणाल्या, "अहो, तिचं बरोबर आहे."

जिथं त्यांनी भांडायला पाहिजे तिथं त्या भांडल्या नाहीत, ही माझी तक्रार मी त्यांच्यासमोर पण केली असती. पण पुढच्या खेपेला जायची वेळच आली नाही. बाई गेल्या, आणि त्यांच्या पुण्यानुमोदनाला मी आणि सूनबाई गेलो. त्रिशरण झालं, पंचशील झालं. बाईंच्या आईनं माझा हात धरला आणि म्हणाल्या, "तिला त्या दगडाची फार हुरहूर होती." दत्ताही आला होता, हार घेऊन. मागं उभा राहून रडत होता. माणूस वाईट नाही तो. वाईट असता तर सोपं झालं असतं.

यंदा बाबाच्या जत्रेला मंडळानं मोठा फलक लावला. वर बाबाचा रंगवलेला फोटो, खाली बाईंचा. बाईंच्या फोटोखाली लिहिलंय, वीरबाबांचे विजयगीत रचणाऱ्या. विजयगीत! मी दत्ताला म्हणालो, काढ ते. तो म्हणाला, "आबा, मान दिलाय आपण त्यांना. दुसऱ्या कुठल्या वस्तीनं दिला असता का?" ते पण खरं, आणि म्हणूनच डोकं फुटायची वेळ. माइकवर त्यानं सुरू केलं, आपल्या वीरबाबाचा विजय ज्यांनी सातासमुद्रापार नेला. बाई सातारा ओलांडून गेल्या नव्हत्या. मी उठलो आणि माइक धरला.

"बाईंनी विजयगीत केलं न्हाय," मी म्हणालो. "आपला बाबा लढाईत मेला. गुरांपायी मेला. त्यो खाली आडवा पडलाय, ज्याला तुमी सुळं काढल्यात, त्यो बाबा हाय. बाई त्याच्या मरणाचं वाजवत हुत्या आणि तुमी तुताऱ्या फुकल्या."

मग माइक बंद. दत्ता मला धरून खुर्चीकडं नेत लोकांना म्हणाला, "आबांना ऊन लागलंय, पाणी द्या." कोणी हसलं, कोणी "म्हातारं खुळावलं" म्हणालं, आणि पंगतीचा पुकारा झाला तशी सगळी उठली. ज्या बाबाच्या विजयासाठी मी त्या बाईशी वर्षभर भांडलो, त्याच्या मरणासाठी आता भावकीशी भांडत बसलोय, आणि दोन्हीकडं माझं कोणी ऐकलेलं नाही.

मी बाबाच्या ओट्यावर बसून राहिलो. पारूआक्का, आमच्या वस्तीवरची सगळ्यात जुनी म्हातारी, काठी टेकत आली. कार्यक्रमाच्या वेळी ती लेकीकडं गेली होती, बाईंचं वाजवणं तिनं ऐकलेलंच नव्हतं.

"का रं, खरंच मेला व्हय ह्यो?"

"व्हय आक्का."

"तरणाच आसंल."

"आसंल."

म्हातारीनं वाकून त्या काळ्या, सुळेवाल्या माणसाकडं बघितलं. डोळ्याला दिसतंय किती तिला, कुणास ठाऊक. मग म्हणाली, "त्याच्या बायकूला कुणी सांगितलं रं?"

मी म्हणालो, "त्ये मला ठाव न्हाय, आक्का."

"मग ठाव तरी काय हाय तुला?" असं म्हणून ती तिथंच खाली बसली, डोक्यावरनं पदर पुढं ओढून. पंगती उठल्या, दुसऱ्या बसल्या, म्हातारी जेवायला गेली नाही. आणि मला बाईंचा असा राग आला, असा राग आला म्हणून सांगू! बाई, एक माणूस पाहिजे होता ना तुम्हाला? आलाय तो. आणि तुम्ही कुठं जाऊन बसलात?